खतावणी चुकलीय

काकू, नमस्कार. मी ३१ वर्षांची, चिंचवडला राहते. हिंजवडीतल्या एका कंपनीत सात वर्षं अकाउंट्सला आहे, हातात ४८ हजार येतात. नवरा आयटीत, त्याच्या हातात ८२ हजार. घराचा हप्ता ३६,५००. लेक पुढच्या महिन्यात सहा महिन्यांची होईल आणि त्याच आठवड्यात माझी रजा संपतेय. सासूबाई कराडला असतात. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे त्या फार तर पंधरा-वीस दिवस येतील. माझी आई लातूरकडे अंगणवाडी सेविका आहे, तिला निघता येत नाही.

बाळाला सांभाळायला दोघी बघितल्या. एजन्सीची बाई २२ हजार मागते, वर एजन्सीला एका महिन्याचा पगार कमिशन. दुसऱ्या मावशी सोसायटीमागच्या वस्तीतल्या. सकाळी ९ ते संध्याकाळी ७, रविवारी सुट्टी, १६ हजार. त्यांना चार वर्षांचा मुलगा आहे, पण मोठी मुलगी बारा वर्षांची आहे, ती त्याला बघते, त्यामुळे त्यांची काही अडचण नाही.

परवा रात्री नवऱ्याने हिशोब मांडला, त्याचा फोटो आणि माझं पगारपत्रक जोडलंय. माझ्या ४८ मधून एजन्सीचे २२, येण्याजाण्याचे ५, ऑफिसातल्या खाण्यापिण्याचे ३ आणि पोळ्या-भाजीच्या बाईंचे साडेचार हजार (त्या आमच्याकडे लग्नापासून येतात). उरले साडेतेरा. तो वाईट नाही हो. त्याने फक्त विचारलं, साडेतेरा हजारांसाठी एवढ्याशा पोरीला परक्या हातात द्यायचं का? मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून सुचत नाहीये. नोकरी सोडू का?
— एक आई, चिंचवड

प्रिय मुली,

फोटो मोठा करून पाहिला. अक्षर टापटीप आहे, वजाबाकी बरोबर आहे. पण कागद पातळ असल्यामुळे पलीकडचं छापील उलटं दिसतंय, आणि ते वीजबिल आहे. मला सांग, ते बिल तुम्ही कुणाच्या पगारातून वजा केलंत? कुणाच्याच नाही. ते घराचं बिल. आणि त्याच्याच पाठीवर घरातल्या मुलीला सांभाळण्याचा सगळा खर्च एकट्या आईच्या नावे टाकलाय.

तू अकाउंट्समध्ये आहेस. एखाद्या नवख्या पोराने सगळ्या कंपनीचं भाडं एकाच खात्यावर टाकून "हे खातं तोट्यात आहे, बंद करू या" असं सांगितलं असतं, तर तू तो कागद त्याला परत दिला असतास. बेरीज बरोबर, खतावणी, म्हणजे कुठला खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा ते, चूक. स्वतःच्या घरात मात्र तुला उत्तर सुचलं नाही. यात तुझी चूक नाही, हा हिशोब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असाच मांडतात.

माझ्याही घरी मांडला होता. साल १९८७, डोंबिवली. मी बँकेत क्लार्क, सकाळची फास्ट लोकल. खालच्या मजल्यावरच्या काकू चार मुलं सांभाळायच्या, माझ्या मुलाचे महिना १७५ रुपये घ्यायच्या. आमच्याकडे खर्चाची वही होती, त्यात दोन रकाने, यांचा आणि माझा. पाळणाघर माझ्या रकान्यात. मी ते सहा महिने तसंच लिहिलं, माझ्याच हाताने. मग एके दिवशी खोडलं आणि किराणा-दूध-वीज जिथे लिहायचो तिथे नेऊन टाकलं. हे काही बोलले नाहीत. पण पुढच्या महिन्यात काकूंनी दहा रुपये वाढवून मागितले तेव्हा पहिल्यांदा हेच म्हणाले, "देऊन टाकू, एवढं करतात त्या." तोवर कधी काकूंचं नावही त्यांच्या तोंडी आलं नव्हतं.

आता तुझ्या नवऱ्यासाठी तसाच कागद कर, गंमत म्हणून. ८२ हजारांतून हप्त्याचे साडेछत्तीस गेले, बाळ सांभाळण्याचे २२ गेले, पेट्रोल आणि बाहेरचं खाणं मिळून सहा धरू. उरले साडेसतरा. मग त्याला विचार, "साडेसतरा हजारांसाठी तू रोज भुमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभा राहतोस?" तो हसेल. हसला की पुढचं बोलता येईल. तू म्हणतेस तो वाईट नाही, आणि माझाही विश्वास बसला. त्याने प्रश्न विचारला, फर्मान काढलं नाही.

आता खरा हिशोब. दोन्ही बाजूंनी दुरुस्त करायचा बरं का, फक्त तुझ्या सोयीच्या बाजूने नाही.

आधी जे तुझ्या विरोधात जातं ते. २२ हजार हा आकडा कमी आहे. वर्षाचे २ लाख ६४ हजार, एजन्सीचं कमिशन २२, दिवाळीला एक पगार द्यावाच लागतो, ते २२. दुपारचं जेवण आणि दोन वेळचा चहा यांचे महिना दीड हजार धरले तर १८. झाले ३ लाख २६ हजार, म्हणजे महिन्याला २७ हजारांच्या वर. आणि एजन्सीची बाई बदलली की बाळाला पुन्हा नवा चेहरा. वस्तीतल्या मावशींना १६ नाही, १८ दे. का ते पुढे सांगते. वर्षाचे २ लाख १६, दिवाळीचे १८, खाण्याचे १८. म्हणजे २ लाख ५२ हजार, महिन्याला बरोबर २१. मी हा आकडा धरते.

आता कागदावर जे आलंच नाही ते. पोळ्या-भाजीच्या बाई लग्नापासून येतात असं तू कंसात लिहिलंयस. कंसात! अगं, मग ते साडेचार हजार तुझ्या नोकरीच्या नावे कसे? तू घरी बसलीस तर सहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन चाळीस पोळ्या लाटणार आहेस का? त्या येतच राहणार. ते काढून टाक.

मग तुझं पगारपत्रक. मूळ पगार २५ हजार दिसतोय. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ३ हजार, तुझ्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीत जातात. ४८ हजार हातात येतात ते हे कापून. तेवढेच ३ हजार कंपनी घालते, त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, सव्वीस दिवसांचा महिना धरून. तुझ्या बाबतीत वर्षाला १४ हजार ४०० च्या आसपास, महिन्याला बाराशे. म्हणजे ७,२०० रुपये दर महिन्याला तुझ्या नावावर साठताहेत आणि वीजबिलाच्या पाठीवर त्यांचा पत्ता नाही. त्या पेन्शन योजनेत किमान १० वर्षं भरावी लागतात, तुझी सात झालीत. नोकरी सोडलीस तरी ते खातं मोडून पैसे काढू नकोस, पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात.

"मी घरी बसले तर कर तरी वाचेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आपल्याकडे नवरा-बायकोचा प्राप्तिकर वेगवेगळा लागतो. शिवाय नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला ७५ हजारांची वजावट वेगळी. तुझ्या उत्पन्नावर तसाही शून्य. मावशींच्या पगाराची सूट मात्र आपल्याकडे कुठल्याच कलमात मिळत नाही.

तर मांड. दोघांचे मिळून १ लाख ३० हजार. हप्ता गेला, राहिले ९३,५००. मावशींचे २१, तुझं येणंजाणं ५, खाणं ३. राहिले ६४,५००. तू घरी बसलीस तर राहतील ४५,५००. फरक १९ हजार, अधिक ते ७,२००. म्हणजे २६,२००. साडेतेराच्या जवळजवळ दुप्पट, आणि मावशींचा खर्च तर मी वर्षभराचा सगळा धरलाय.

पण आकडा दुप्पट झाला म्हणून नोकरी कर, असं मी म्हणणार नाही. उद्या कुणी तिसरा कागद मांडून तो पुन्हा आठ हजारांवर आणेल. हा खर्च आयुष्यभराचा नाही, एवढं मात्र दोघांनी बघा. तीन वर्षांनी लेक बालवाडीत जाईल, मग अर्ध्या दिवसाचीच सोय लागेल. तुझा पगार तेव्हा ४८ नसेल. आणि आत्ता सोडून तेव्हा परत यायचं म्हटलंस तर तुझ्या कामात मधल्या वर्षांची किंमत मोजावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा तुमच्या विभागात रात्री दहापर्यंत दिवे होते ना? अशा दोन-तीन रात्री हुकल्या की मुलाखतीत समोरचा पगार सांगताना अडखळत नाही, सरळ कमी सांगतो. आणखी एक, हे जरा दबक्या आवाजात सांगते. साडेछत्तीस हजारांचा हप्ता एकट्या आयटीच्या पगारावर ठेवून झोप लागेल का, हे तुझ्या नवऱ्याने स्वतःला विचारावं.

आता मावशी.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. मोठी मुलगी धाकट्याला बघते, "त्यामुळे त्यांची काही अडचण नाही." बारा वर्षांची मुलगी सकाळी ९ ते संध्याकाळी ७ चार वर्षांच्या मुलाला बघते, मग ती शाळेत कधी जाते? तू सासू, आई, एजन्सी असे तीन पर्याय तपासलेस. मावशींच्या पर्यायाचं वय बारा आहे.

तुला टोचायचं म्हणून लिहीत नाहीये. व्यवहाराचंच बोलते. त्या मुलीला ताप आला, तिची परीक्षा आली, की मावशींचा खाडा. मावशींचा खाडा की तुझी रजा. तुझी नोकरी त्या पोरीच्या खांद्यावर उभी राहणार आहे, मग तिची शाळा कुठली, वेळ कुठली, हे विचारायचं काम तुझंच. धाकटा चार वर्षांचा आहे, अंगणवाडीत बसतो. तीन ते सहाची मुलं तिथेच घेतात, १९७५ पासून. काही ठिकाणी आता अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर सुरू केलंय, पाळणा योजना म्हणतात. तुमच्या वस्तीत आहे का ते मला विचारू नकोस, तुझ्या आईला फोन कर. तुमच्या भागातल्या सेविकेला कसं गाठायचं आणि काय विचारायचं, हे ती पाच मिनिटांत सांगेल. लातूरहून ती नातीला सांभाळायला येऊ शकत नाही, पण हे करू शकते, आणि तिलाही बरं वाटेल.

१८ हजार का, ते सांगते. दिवसाला दहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे २६० तास. १६ हजारांत तासाला साडेएकसष्ट रुपये पडतात. शेजारच्या सोसायटीत कुणी दोन हजार जास्त दिले की मावशी जाणार, आणि त्यांनी का जाऊ नये? तू कंपनी बदलताना दोन हजारांचा विचार करतेसच. शिवाय त्या दोन हजारांत धाकट्याची दुपारची काही सोय होऊ शकेल. होईलच असं नाही. पैसे त्यांचे, त्यांनी ठरवायचं. आपण पगार द्यायचा, उपदेश नाही.

सगळं पहिल्याच दिवशी बोलून घे आणि एका कागदावर लिहून दोघींनी सह्या करा. महिन्याला दोन पगारी खाडे. सणाची सुट्टी. रविवारी बोलावलं तर वेगळे पैसे. काम फक्त बाळाचं, म्हणजे भरवणं, झोपवणं, तिचे कपडे, तिच्या वाट्या-चमचे उकळणं. फरशी नाही, भांडी नाही. "आज तेवढं झाडून घ्या ना" इथपासून सुरुवात होते आणि दिवाळीपर्यंत बाळ टीव्हीसमोर आणि मावशी ओट्यापाशी. पगार एक तारखेला खात्यात टाक. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, १८ ते ६० वयाच्या घरकामगाराला नोंदणी करता येते. त्यांना ती करायला मदत कर. पोलीस पडताळणी कर, फोटो आणि आधारची प्रत घे. त्यात अपमान नाही, फक्त सौजन्याने विचारायचं. कॅमेरा बसवायचा असेल तर त्यांना दाखवून बसव, खेळण्यात लपवून नको.

एक मुद्दा तुम्हा दोघांचा. मावशी आल्या नाहीत, तर रजा कुणाची? हे आत्ताच ठरवा, त्या दिवशी सकाळी पावणेनऊला नाही. पहिला खाडा तुझा, दुसरा त्याचा, आणि कालनिर्णयवर दुधाच्या आकड्यांशेजारी लिहायचं. कुणाचे किती झाले ते महिनाअखेरीला भिंतीवरच दिसतं, बोलावं लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस तो घरून काम करत असेल, तर त्या दिवशी मावशींना सहाला सोडा. त्यांची मुलगी तासभर आधी मोकळी होईल.

आणि तुमच्या कंपनीलाही सहजासहजी मोकळं सोडू नकोस. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिलं पाहिजे, हे मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आलं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन सुट्ट्या वेगळ्या. रजेनंतर काम घरून करण्यासारखं असेल तर आपसांत ठरवून तशी मुभा देता येते, तेही त्यातच आहे. हिंजवडीतल्या तुमच्या इमारतीत ५० माणसं तर एका मजल्यावर असतील. "पाळणाघर कुठे आहे?" एवढीच एक ओळ एचआरला मेलवर लिही. तोंडी नको. सहा महिन्यांच्या लेकीला रोज भुमकर चौकातून नेणं मलाही पटत नाही, पण वर्षाची झाली की उपयोगी पडेल. आणि तोवर आठवड्यातले दोन दिवस घरून मिळवताना त्या ओळीचा उपयोग होतोच. कसा ते तुला सांगायला नको.

आता तू न विचारलेला प्रश्न. तुला घरी राहावंसं वाटतंय का? पत्रात कुठेच नाही. तू पैशाचं लिहिलंस, सासऱ्यांच्या गुडघ्याचं लिहिलंस. वाटत असेल तर राहा. वर्षभर, दोन वर्षं. ते बिनपगारी असलं तरी कामच आहे आणि त्याला कुणाची परवानगीही लागत नाही. पण मग ते "परवडत नाही म्हणून" नको, "मला हवंय म्हणून" असू दे. आणि तसं ठरलं तर नवऱ्याने दर महिन्याला सहा हजार तुझ्या नावाच्या पीपीएफमध्ये टाकायचे, हप्ता जातो त्याच तारखेला. सात वर्षं एका जागी काढल्यामुळे ग्रॅच्युइटीचे लाखभर रुपये मिळतील, तेही तुझ्याच नावावर राहू देत. सोफा घेऊ नका त्याचा.

राहावंसं वाटत नसेल, तर सासूबाईंचे ते पंधरा-वीस दिवस जपून वापर. त्यांना रुजू झाल्यावर बोलावू नकोस, आधी बोलाव. लेकीचं उष्टावण त्यांच्या हातून होऊ दे. त्याच आठवड्यापासून मावशींना यायला सांग. पहिले दोन दिवस त्यांनी नुसतं बसायचं, बाळाला स्वतःहून उचलायचं नाही. बाळ ओळखायला लागलं की मग मांडीवर. नाचणीचं सत्त्व किती पातळ, पेजेला तूप किती, हे सासूबाई मावशींना शिकवतील तेव्हा तू तिथे थांबू नकोस. भाजी आणायला जा. सासूबाईंना वाटेल आपण शिकवलेली बाई आहे, आणि मग पुढे "परक्या हातात" हा शब्द त्या घरात फारसा ऐकू येणार नाही. मावशींचाही जम बसेल. तू तासाभराने भाजी घेऊन परत ये, मग दोन तासांनी, मग दुपारभर बाहेर राहा.

रुजू व्हायचं ते सोमवारी नको. एचआरशी बोलून गुरुवारी हो. दोन दिवस ऑफिस, की लगेच शनिवार-रविवार.

— तुझी काकू